मक्याचं पाणी आणि वडगावचे पावणं

माझं लग्न एका तांब्याभर पाण्यावर ठरलं, आणि ते पाणी पिण्याचं नव्हतं.

महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. शाहूपुरी तेव्हा नव्यानं वसत होती. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होतो (घरच्यांच्या मते झाडपाला उपटत होतो). मातीशिवाय, नुसत्या क्षारांच्या पाण्यावर मका वाढतो असं प्रोफेसरांनी सांगितलं आणि मी आईची लोणच्याची काचेची बरणी पळवली. पाण्यात सोरा, चिमूटभर हिराकस, जुलाबाचं मीठ वगैरे. प्रमाण जास्त झालं की पानांचे शेंडे करपत, कमी झालं की रोप मान टाकी. त्यात आमच्या विहिरीचं पाणी चुनखडीचं. तांबडा लिटमस कागद बुडवला की लगेच निळा! मक्याला तर किंचित आंबट पाणी लागतं.

एके सकाळी कोवळी पानं पिवळी दिसली. बरणीत थोडं थोडं घालायला मी तांब्याभर दाट द्रावण केलं. कागद तांबडाच राहीपर्यंत त्यात लिंबं पिळली आणि तांब्या पुढच्या सोप्यात ठेवून बरणी धुवायला घरामागं परड्यात, संडासाशेजारच्या हौदावर गेलो.

नेमके तेव्हाच पेठ वडगावचे पावणं आले, आपल्या मुलीसाठी मला बघायला. मी परत येतो तो तांब्या त्यांच्या तोंडाला.

"सरबतात साखर ऱ्हायली जणू," पावणं म्हणाले.

आईनं साखर आणून ढवळली. "पोरानं केलंय की. सारखं कायतरी करत असतंय."

"आई, ते मक्यासाठी हाय."

"मका ऱ्हाऊ दे. पावण्यास्नी पिऊ दे की," माझे वडील, आबा, गुरकावले.

पावण्यांनी तांब्या रिकामा केला. मी आबांच्या कानाशी लागलो. "त्यात जुलाबाचं मीठ हाय."

"किती?"

"मक्याला म्हैनाभर पुरंल एवढं."

आबा पावण्यांकडं वळले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पावणं, परडं दावू का तुमास्नी?"

"कशाला?"

"बघून ठेवल्यालं बरं."

पत्रिकेचा विषय निघाला आणि पावणं वाक्य अर्धं टाकून उठले. त्या दुपारी आमची बैठक सोप्यात बसली ती पावण्यांशिवायच. आई दहीभात घेऊन दाराशी उभी, आबा माझ्याकडं बघेनात. सोयरीक मोडली हे मी मनाशी धरलंच होतं.

ऊन उतरल्यावर पावणं भिंतीला धरून आले, टेकले.

"पोरा, काय घातलं हुतंस त्यात?"

मी सगळे क्षार सांगितले, कागदाचा रंगही सांगितला.

"सगळ्या वैद्यांनी हात टेकलं हुतं," ते डोळे मिटून म्हणाले. "आज प्वाट मोकळं झालं. पोरगी दिली."

लग्न थाटात झालं. (मका त्याच दिवशी परड्यात उन्हानं गेला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.) पुढं मी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पण सासुरवाडीला गेलो की ओट्यावर पोट धरून माणसं बसलेली असत, आणि अख्ख्या वडगावात मला एकानंही कधी झाडाबद्दल विचारलं नाही.