वर म्हणजे हो

शरीररचनाशास्त्र शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांना जोडणारा जो देठ असतो, तो माझा हातखंडा विषय. त्याच्या मधल्या फुगीर भागाला सेतू म्हणतात. लांबी जेमतेम इंचभर. पाठीकडची बाजू माणसाला जागं ठेवते. पोटाकडची बाजू गर्भात मागाहून भरते, मागच्या कडेच्या पेशी सरकत सरकत पुढे येतात. हातापायांना निघालेले मेंदूचे हुकूम तिच्यातून खाली जातात. हे मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढतो.

शिरूरच्या दवाखान्यात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एमआरआय हातात आला. सेतूच्या पोटाकडचा रक्तपुरवठा बंद पडला होता. हात, पाय, जीभ, सगळं गेलं होतं. डोळे उघडे, पण ओळख दिसेना. मी फिल्म उजेडाकडे धरली आणि मनातल्या मनात आबांचा निकाल लावून टाकला.

मग भेटायला माणसं येऊ लागली, आणि आबा समोर असतानाच बोलणं पुढच्या विधींवर गेलं. आमच्याकडे दशक्रिया साधी होत नाही. नदीचा घाट, महाराजांचं प्रवचन, पुढाऱ्यांची भाषणं आणि वर भला मोठा फ्लेक्स. चुलते खाटेच्या पायथ्याशी बसून म्हणाले, "म्हाराज आत्ताच सांगून ठिवावं लागत्यात. ऐनवेळी मिळत न्हाईत." कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. उलट फ्लेक्ससाठी मी मोबाइलमधले आबांचे जुने फोटो दाखवले. एक सोसायटीच्या निवडणुकीतला, फेटा बांधलेला. दुसरा दौंडच्या एका लग्नातला, टोपी तिरकी, तोंडभर हसू. मी म्हणालो, "हा नको. बावळट दिसतात." आबांच्या उशापासून हातभर अंतरावर.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "त्यांना समदं कळतंय."

"आई, डोळे आपोआप हलतात."

"आपुआप कसं? रानातला कांदा काढू का म्हणलं, तर खाली बघितलं. आठ दिस थांबू का म्हणलं, तर वर."

मी फिल्म पुन्हा उजेडाकडे धरली. पाठीकडची बाजू शाबूत होती. डोळे वरखाली करणारी जागा सेतूच्याही वर असते, तीही शाबूत होती. या दोन्ही गोष्टी मी दरवर्षी परीक्षेत विचारतो. आणि चार दिवसांत आबांना एकदाही म्हणालो नव्हतो, की वर बघा.

आता म्हणालो. त्यांनी वर बघितलं.

मला स्वतःची शरम वाटली, आणि भीतीही. "आबा, आम्ही इथं बसून जे बोललो, ते ऐकलंत?"

डोळे वर गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

चुलते उठून बाहेर गेले. आईने माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि फेट्याचा फोटो आबांसमोर धरला. "ह्यो लावायचा का?" डोळे खाली. तिने तिरक्या टोपीचा धरला. डोळे वर.

आबा त्यानंतर सव्वा वर्ष जगले. कांदा, पाणी, घरातली सोयरीक, सगळं त्यांना विचारूनच झालं. घाटावरच्या फ्लेक्सवर फोटो त्यांनीच निवडलेला होता.