ओले निघालेले ड्रम

त्या चाळीस खाटांच्या दवाखान्यात तिला सगळे वाफमावशी म्हणायचे. जिन्याखालच्या खोलीत ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेचं यंत्र होतं. ऑपरेशनची हत्यारं, कापडं, बोळे स्टीलच्या ड्रममध्ये भरायचे आणि वाफेवर निर्जंतुक करून वर पाठवायचे, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. तोंडाने फटकळ, हाताने चोख. वॉर्डातली सिस्टर ड्रमसाठी घाई करायला लागली की म्हणायची, "एवढी घाई असेल तर घरून इस्त्री करून आण."

मग यंत्राच्या दाराची रबरी रिंग झिजली. कडेने वाफ फुसफुसायला लागली, दाब चढेना. कापडं दमट निघायची. ड्रमवर खुणेची पट्टी चिकटवतात. वाफ पुरेशी लागली की पट्टीवरच्या रेघा काळ्या व्हायला हव्यात, त्या फिकट तपकिरी राहायच्या.

ती मॅनेजरकडे गेली. "नवी रिंग लागेल."

"या महिन्यात नाही जमणार, मावशी. पंख्याखाली वाळवा ना कापडं."

"अहो, हा धुतलेला शर्ट आहे का? माणसाच्या उघड्या पोटावर जायचं कापड आहे ते."

"पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना आला नि गेला. पट्टीचा रोल संपला, नवा तोही आला नाही. रजिस्टरात मात्र 'निर्जंतुक केले' या रकान्यात रोज सही लागायची. पहिल्या दिवशी ती कितीतरी वेळ पेन धरून बसली. घरी नवरा अर्ध्या अंगाने लुळा, घरभाडं तिच्या एकटीच्या पगारावर. तिने सही केली. दुसऱ्या दिवशी हात तेवढा अडला नाही, आणि त्याचीच तिला पुढे जास्त लाज वाटत राहिली.

ऑपरेशनचे हिरवे गाऊन शिवून देणारा शिंपी हर्नियासाठी भरती झाला. तीन दिवसांत घरी गेला, आठव्या दिवशी तापाने फणफणत परत आला. टाक्यांतून पू येत होता. ती त्याला बघायला वर गेली.

"मावशी, मी घातलेला टाका वर्षभर उसवत नाही," तो म्हणाला. "माझाच कसा हो उसवला?"

 त्याची चादर उगाच सारखी करून ती खाली आली आणि यंत्राला पाठ लावून रडली.

त्याच्यामागून आणखी चौघे आले. ऑपरेशनचे पैसे विमा कंपनीकडून एकरकमी ठरलेले. पेशंट तीन दिवस राहो की तीस, वर एक रुपया मिळत नाही. महागडी इंजेक्शनं, रोज दोनदा ड्रेसिंग, जखम पुन्हा उघडून धुणं, सगळं दवाखान्याच्या खिशातून. त्यात पाच खाटा अडलेल्या, म्हणून नवी ऑपरेशनं पुढे ढकललेली. पगार दोन हप्त्यांत व्हायला लागला.

दवाखान्याचे मालक म्हातारे सर्जन होते. त्यांनी ऑपरेशन थिएटर घासून घेतलं, भिंती रंगवल्या, स्वतःच्या हातांचीसुद्धा तपासणी करून घेतली. काही सापडेना. जेवणं बंद झाल्यासारखा त्यांचा चेहरा उतरला.

एका सकाळी पुढे ढकललेल्या एका ऑपरेशनसाठी ड्रम मागायला सिस्टर आली. मावशीने तो दिला नाही. स्वतः उचलला, जिना चढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"सर, आत हात घाला."

त्यांनी घातला. ओला झाला.

"कधीपासून?"

"अडीच महिने. रिंग गेली आहे."

"आणि रजिस्टरातली सही?"

"माझी. मॅनेजरना तीनदा सांगितलं. तुमच्याकडे यायला हवं होतं, पण नोकरीला भ्याले."

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते आपल्या ओल्या हाताकडे बघत राहिले. "त्या पाच जणांवर जेवढे पैसे गेले ना मावशी, त्यात दोन नवी यंत्रं आली असती," ते म्हणाले. "आणि त्यांनी अंगावर जे सोसलं, त्याचं मी काय करू?"

त्याच दिवशी थिएटर बंद झालं. रिंग दोन दिवसांत आली. पण जखमा चिघळल्याचं कळून विमा कंपनीने दवाखान्याचं नाव आपल्या यादीतून काढलं होतं, आणि ऑपरेशनंच नाहीत तर खर्च निघेना. सहा आठवड्यांत वरचा मजला रिकामा झाला आणि मावशीचं कामही संपलं. मॅनेजर आधीच दुसरीकडे लागला होता. शिंपी ऑपरेशननंतर एक्केचाळिसाव्या दिवशी पोट धरून, भिंतीच्या आधाराने घरी गेला. त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. मावशीने त्याला सगळं सांगितलं. तो जाताना तिच्याशी बोलला नाही.

नंतर ती एका मोठ्या दवाखान्यात काम मागायला गेली. अनुभव ऐकून समोरची बाई खूश झाली. "एकोणीस वर्षं! मग सोडलं का?"

खोटं सांगणं सोपं होतं. मावशीने सहीसकट सगळं खरं सांगितलं.

"आम्ही कळवतो," बाई म्हणाली.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. ती नवऱ्याला भरवते, फोन उशाशी ठेवते, आणि वाजला तरी तो घरमालकाचाच असतो.