थरथरणारा कंट्रोलर

सुरतेच्या डिंडोलीतला माझा शेजारी उधन्याच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतो. त्या खडखडाटाने त्याचे कान अधू झाले आहेत. तो ओरडून बोलतो आणि व्हिडिओ गेम हाताने ऐकतो. शत्रू मागून आला की हातातला कंट्रोलर थरथरतो, आणि हा वळतो.

गेमच्या नव्या कन्सोलमध्ये ती थरथर नसणार, अशी अफवा होती. काल घोषणा झाली. त्याने मोबाइलवरची इंग्रजी बातमी माझ्यापुढे धरली.

"भाऊ, थरथरतो का, तेवढंच वाच!"

"हळू! सगळी गल्ली गोळा करशील," माझी बायको म्हणाली.

मी वाचून मान डोलावली. त्याला भरवसा येईना. शेवटी मी त्याचे दोन्ही हात धरून जोरात हलवले.

त्याने सुस्कारा सोडला. "मग झालं. चित्रं कशीही असू दे."