साडूंचा भागाकार

माझ्या थोरल्या साडूंनी हाती लागलेली एकही गोष्ट भागाकार केल्याशिवाय सोडलेली नाही. डोंगरातल्या आश्रमशाळेत जन्मभर विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि कोरीटला मळ्यातल्या घरात राहायला आले. शाळा सुटली, पण खिशातलं मीटर काही सुटलं नाही. नंदुरबारला आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला लोक आहेर घेऊन आले, हे मीटर घेऊन. आत होम चालू असताना यांनी आमची इस्त्री प्लगला लावली, व्होल्टेज पाहिलं, तारेला मीटरचा चिमटा लावून करंट पाहिला आणि भटजींच्या वर आवाज चढवून जाहीर केलं, "दोनशे तीस भागिले चार पूर्णांक सहा. रोध पन्नास! आते गुणा. एक हजार अठ्ठावन्न वॅट. इस्त्रीवर हजारच लिखेल शे, साडूभाऊ. अठ्ठावन्न तुमले वरतून दिनात!" भटजी मंत्र विसरले. मी दात-ओठ खात पाहुण्यांना पेढे वाटत राहिलो.

माणसांनाही ते हेच गणित लावायचे. तळोद्याच्या ऑफिसात माझी बढती रखडली तेव्हा घरचे सगळे माझ्यातच खोट काढत होते. साडू म्हणाले, "तुमनामा जोर कमी नही. वाटमा रोध जास्ती शे." मी तेव्हा चिडलो होतो, पण माझ्या बाजूने कोणी बोललेलं तेवढं एकच वाक्य, हेही खरं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. ती आल्यागेल्याला सांगायची, "यास्ले इचारा, बायको कशी शे. आकडा सांगतीन!" आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ यायची.

ती उबळ पुढे थांबेनाशी झाली. चुलीचा धूर इतकी वर्षं छातीत साठला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता श्वासाचं मशीन घरीच ठेवा, सोळा-सोळा तास लागेल. हवेतून प्राणवायू काढून नळीने नाकात सोडणारं ते मशीन घरी आलं, आणि साडूंच्या आयुष्यात पहिल्यांदा व्होल्टेज हा चेष्टेचा विषय उरला नाही. त्यांचं घर शेतांच्याच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. सकाळी आठला शेतीची लाईट आली की डीपीवरच्या नऊच्या नऊ मोटरी एकदम उठायच्या, कारण जो पहिला त्याला पुरा करंट, या समजुतीने प्रत्येकाने ऑटो बसवलेला, लाईट येताच मोटर आपोआप सुरू करणारा. व्होल्टेज धाडकन एकशे साठवर. मशीन टीं-टीं करत बंद पडायचं. स्टॅबिलायझर आणला, पण एकशे सत्तरच्या खाली त्यानेही हात टेकले. प्राणवायूचा छोटा सिलिंडर होता, तो पाऊण तास पुरायचा. मोटरी चालायच्या दुपारपर्यंत.

मग साडूंनी नऊही शेतकऱ्यांना ओट्यावर बोलावलं. सुट्टी काढून मीही गेलो होतो. वाटलं, हात जोडतील, अक्काचं नाव काढतील. छे! यांनी फळा मांडला आणि एका शेतकऱ्याचा सदरा अंगातून उतरवून घेतला. आठला पाच कमी असताना त्यावर इस्त्री फिरवली. उजवी बाही कडक झाली. आठ वाजले, मोटरी उठल्या, इस्त्री गार व्हायला थोडा वेळ दिला आणि डावी बाही घेतली. सुरकुती हलेना. "रोध तोच, पन्नास," साडू फळ्यावर लिहीत ओरडले. "एकशे साठ भागिले पन्नास, तीन पूर्णांक दोन. आते गुणा. पाचशे बारा! होल्टेज तिसरा हिस्सा गयं, ताकद निम्मापेक्षा बी कमी व्हयनी. समजनं का?"

समजायला कोणाचं लक्षच नव्हतं. आतून टीं-टीं ऐकू येत होती, आणि तिच्यामागून अक्काचा खोकला. सदऱ्याचा मालक उघड्या अंगाने उभा होता, तो खाली बघत म्हणाला, "गुरुजी, ऱ्हाऊ द्या ते. पानीनी पाळी ऱ्हास ना, तशी मोटरनी पाळी लावू. तीन-तीन." त्याच दिवशी सगळ्यांनी ऑटो काढून टाकले. आपल्या गणितामुळेच लोकांना पटलं, असं साडू अजूनही समजतात. मी ती समजूत मोडलेली नाही.

त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही. साडू दर दोन तासांनी वहीत आकडे लिहायचे. अक्का त्या पाळीवर एक हिवाळा आणि जवळजवळ एक उन्हाळा जगली. गेली ती सकाळीच, मशीन नीट चालू असताना. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला साडू एकच सांगत होते, "होल्टेज दोनशे चोवीस व्हतं. होल्टेजना दोष नही." लोकांना वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मला फार वाईट वाटलं. त्यांना करता येण्यासारखं होतं तेवढं त्यांनी केलं होतं, आणि तेच ते सांगत होते.

मशीन विसरवाडीच्या एका आजोबांना दिलं. परवा मी कोरीटला गेलो, तर साडू ओट्यावर मशीनची तीच वही घेऊन बसलेले. व्होल्टेज दोनशे सव्वीस, करंट शून्य, रोधाची जागा कोरी. मी विचारलं तर म्हणाले, "शून्यानी भाग जात नही, साडूभाऊ."

तेवढ्यात बांधावरून तोच सदऱ्याचा मालक ओरडला, "गुरुजी, लावू का मोटर?" पाळी अजून चालूच आहे, आता गरज नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. साडूंनी मीटर पाहिलं. मग मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे आता नुसती खाट आहे.

"लाव," ते म्हणाले. "पन हळूच लाव."