रिमोटचं लाल बटण

दिनांक ८ जून २०२३ रोजी जाफराबादच्या अप्पारावने एक लाख बहात्तर हजार पाचशे रुपये मोजून एक जुनी मोटार घेतली. त्यातले एक लाख चाळीस हजार जीप विकून आले होते. वरचे बत्तीस हजार पाचशे बायकोच्या, तुळजाबाईच्या पाटल्यांचे.

सत्तावीस वर्षं त्याने जाफराबाद ते जालना काळीपिवळी जीप चालवली. नऊ जणांच्या जागेत चौदा बसवले आणि तरी कुणाशी भांडण केलं नाही, अशी त्याची ख्याती होती. ती जीप विकायचं कारण एकच. त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि दर मंगळवारी व शुक्रवारी तिला डायलिसिससाठी जालन्याला न्यावं लागत होतं. जाताना ती बसून जायची. येताना मात्र तिच्या अंगातला जीव गेल्यासारखा व्हायचा, रक्तदाब उतरायचा, मान ठरत नसे. जीपच्या ताठ बाकावर तिला धरून ठेवायला एक माणूस लागे. तेव्हा अप्पारावने मोटारी बघताना इंजिन नंतर पाहिलं. आधी डाव्या बाजूचं दार उघडून तो सीटचा खटका ओढायचा, पाठ कुठवर मागे जाते ते बघायचा. ह्या गाडीची पाठ सात खाचा मागे जात होती. सातव्या खाचेला माणूस जवळजवळ आडवा होई.

गाडी घेतल्यावर तो ती बदरोद्दीनकडे घेऊन गेला. स्टँडच्या मागे बदरोद्दीनचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दोघांची वीस वर्षांची ओळख. ह्या बदरोद्दीनची काम करायची एक रीत होती. बॅटरी असो, दिवा असो, नाहीतर पाच रुपयांचा फ्यूज असो, मीटर लावलं की त्याचा आकडा तो आधी गिऱ्हाइकाकडे फिरवायचा. म्हणायचा, "तुम्ही बघा, मंग मी बोलतो. माझ्या बोलण्यावर जाऊ नका."

त्याने तीन हजार दोनशे रुपयांत गाडीला सायरन आणि रिमोट बसवून दिला. मग अप्पाराव आणि तुळजाबाई दोघांनाही गाडीत बसवलं आणि शाळेतल्या मास्तरासारखं समजावलं.

"भाभी, सीटचा खटका गाडी चालू असताना ओढायचा न्हाई. बिलकुल न्हाई. आधी पाठ टेकवायची, वजन द्यायचं, मंग ओढायचा. नाहीतर फाटकन सुटते आन् तोंडावर येते. बोटं खालच्या पट्टीत घालायची न्हाईत."

"आन् येताना मी आडवी पडून आले तर?" तुळजाबाईने विचारलं.

"आडवं पडून चालत्या गाडीत यायचं न्हाई. ब्रेक लागला का माणूस पट्ट्याच्या खालून सरकून जातो, पट्टा पोटात घुसतो. झोपायचं आसंल तर गाडी उभी करा. दहा मिनिटं झोपा. मंग पाठ वर, पट्टा लावा, चला."

"ऐकलं का," तुळजाबाई नवऱ्याला म्हणाली, "सत्तावीस वर्षांत तुमी कुणासाठी दहा मिनिटं थांबले न्हाईत. आता थांबा."

मग बदरोद्दीनने रिमोट तिच्या उजव्या हातात दिला. डाव्या हाताच्या शिरेतून डायलिसिसच्या सुया जात, त्या हातावर जोर चालत नसे. "गाडीत माणूस बसवून बाहेरून लॉक केली आन् आतल्यानं दार उघडलं, तर ही बोंबलते. आतला घाबरून जातो. म्हणून आत माणूस आसला का रिमोट त्याच्याकडं आन् साधी किल्ली ड्रायव्हरकडं. अप्पाभाऊ आले का भाभी, तुम्ही इथं दाबून उघडायचं, त्यानं साध्या किल्लीनं उघडलं तरी ही बोंबलंल. आन् हे लाल बटण. कसंनुसं झालं, दाबलं, का गाडी ओरडंल. अप्पाभाऊ कुठंबी आसला तरी पळत यील."

"हे? पळत?" तुळजाबाई हसली. "जेवायला हाका मारून मारून घसा बसतो माझा."

पुढचे सतरा महिने हा नेम चुकला नाही. जालन्याहून निघाल्यावर निम्म्या वाटेवर एक मोठी चिंच आहे. तिथे अप्पाराव गाडी बाजूला घ्यायचा, इंजिन बंद करायचा, उतरून वळसा घालून डावीकडे जायचा. खटका दाराच्या अंगाला होता आणि तो हात तिला वापरता येत नव्हता. तो म्हणायचा, "टेक." ती पाठ टेकवायची. मग तो एक एक खाच करत तिला सातव्या खाचेपर्यंत न्यायचा. ती डोळे मिटून पडायची आणि बोलायची. जन्मभर घरात जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या चिंचेखाली झालं. तिच्या माहेरची म्हैस, लेकीच्या, शीतलच्या लग्नात राहिलेलं एक मानपान, नात राजनंदिनीला पहिलीत बक्षीस मिळालेला पेला. दहा मिनिटांची पंधरा व्हायची. तेहतीस वर्षांच्या संसारात आपल्या बायकोला पुरणपोळी आवडत नाही, ती फक्त सणाला करते म्हणून खाते, हे अप्पारावला तिथे कळलं.

जालन्यात डायलिसिस झाल्यावर औषधाच्या दुकानात तिच्या रक्तवाढीचं इंजेक्शन घ्यायला रांग लावावी लागे. अप्पाराव गाडी सावलीत लावायचा, काच दोन बोटं खाली ठेवायचा, रिमोट तिच्या हातात द्यायचा आणि रांगेत उभा राहायचा. तुळजाबाई आतून लॉक करायची. तो परत आला की काचेवर टिचकी मारायचा, ती बटण दाबायची, दार उघडायचं. लाल बटण तिने दीड वर्षात एकदाच दाबलं.

तो शुक्रवार होता, ४ ऑक्टोबर २०२४. रांगेत अप्पारावच्या पुढे दोनच माणसं उरली होती आणि बाहेर गाडी बोंबलायला लागली. त्याने हातातली चिठ्ठी टाकली आणि धावला. पायरीवर एक चप्पल निघाली, ती त्याने सोडून दिली. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. गाडीपाशी पोचला तेव्हा तुळजाबाई काचेतून हात दाखवत होती.

"अहो, तो सिताफळवाला चालला बघा! मोठी मोठी हायेत. राजनंदिनीला घ्या की चार."

अप्पारावला धाप लागली होती. मागून दुकानातला पोऱ्या एक चप्पल हातात धरून आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, ही घ्या. मामीनं हॉर्न मारला का तुमी डायरेक्ट चौथ्या गेरमध्ये!" पाच-दहा माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "आमच्या घरीबी बसवा रे आसं बटण."

तुळजाबाईसुद्धा हसत होती. आणि अप्पाराव, जो चौदा माणसांच्या जीपमध्ये कधी कुणाला वेडंवाकडं बोलला नव्हता, तो तिच्यावर ओरडला.

"अक्कल हाय का? नंबर गेला माझा! मरायला टेकली तरच दाबायचं हे बटण. समजलं?"

तिचं हसू गेलं. ती म्हणाली, "बरं."

एवढंच. सिताफळं त्याने घेतली. राग उतरल्यावर सहा घेतली, चार नव्हे. चिंचेखाली त्या दिवशी ती नेहमीसारखी बोलली. त्याला वाटलं, विसरली. पुढच्या खेपेपासून मात्र ती रिमोट पदराखाली मांडीवर ठेवायला लागली, बटणं खालच्या अंगाला करून. हे त्याला तेव्हाही दिसलं होतं.

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. दिवाळीच्या सुट्यांनंतर औषधाच्या दुकानात गर्दी होती. अप्पारावच्या पुढे अकरा माणसं. डायलिसिस करून बाहेर येताना तुळजाबाई म्हणाली होती, "आज जरा जडच वाटून राह्यलं." हे ती दर खेपेला म्हणायची. त्याने तिला बसवलं, उभ्या गाडीत सीट सातव्या खाचेपर्यंत मागे केली, काच दोन बोटं उघडी ठेवली. ती म्हणाली, "जा तुमी. माझी काळजी करू नका."

पंचवीस मिनिटांनी तो इंजेक्शनचा डबा घेऊन परत आला. काचेवर टिचकी मारली. दार उघडलं नाही. झोपली असेल म्हणून दुसऱ्यांदा मारली. मग त्याने खिशातली साधी किल्ली लावून दार उघडलं आणि गाडी बोंबलायला लागली. भर रस्त्यात, कान फाटतील अशी. माणसं पुन्हा जमली. चप्पल घेऊन आलेला तो पोऱ्याही दुकानाच्या पायरीवर आला. एवढ्या गोंगाटात तुळजाबाई हलली नाही.

रिमोट पदराखाली नव्हता. तो तिच्या उजव्या मुठीत होता, बटणं वर करून. अंगठा लाल बटणाच्या कडेला टेकलेला होता. अप्पारावने तिची बोटं एक एक करून सोडवली, रिमोट घेतला आणि उघडायचं बटण दाबलं. एकाच दाबात गाडी गप झाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. दोन मिनिटांचा खेळ असतो, झोपेतही गेल्या असतील, तुम्ही जवळ असता तरी कदाचित काही झालं नसतं. अप्पारावने मान हलवली. त्याला विचारायचं होतं ते डॉक्टरांना विचारण्यासारखं नव्हतं. तिने बटण दाबलं होतं का? दाबलं आणि वाजलं नाही, की दाबलंच नाही? घरात दहावं झालं, तेरावं झालं, माणसं आली नि गेली, आणि हा माणूस कोपऱ्यात बसून हातातल्या रिमोटकडे बघत राहिला. शीतल म्हणायची, "बाबा, ठेवा ना तो तिकडं." तो खिशात ठेवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा काढायचा.

२५ नोव्हेंबरला सकाळी तो बदरोद्दीनच्या दुकानात गेला. बदरोद्दीन तेराव्याला येऊन गेला होता, त्यामुळे दुःखाचं बोलणं झालेलं होतं. त्याने स्टूल पुढे केलं.

अप्पारावने रिमोट समोर ठेवला. "बदरूभाई, एक सांग. ह्यातला सेल कधी चालतो, कधी न्हाई, आसं होतं का?"

"काहून?"

"तिच्या मुठीत होता. अंगठा बटणापाशी. मी रांगेत व्हतो. वाजला न्हाई."

बदरोद्दीन म्हणाला, "भाभीनं दाबलाच नसंल. वेळच भेटला नसंल."

"मी तिला म्हणलं व्हतं," अप्पाराव म्हणाला. "सिताफळावरून. मरायला टेकली तरच दाब म्हणलं व्हतं. चार माणसांत. तवापासून ती बटण उलटं करून ठेवायची. तिला वाटलं आसंल, अजून तेवढं न्हाई झालं. आजूक थोडं थांबू. लोकं हसतील ह्यांना."

बदरोद्दीनने रिमोट उचलला. छोट्या पेचकसाने उघडला, सेल काढला, मीटर लावलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मीटरचा आकडा स्वतःकडे फिरवला. बराच वेळ तो त्याच्याकडे बघत राहिला.

"उतरलेला हाय," तो म्हणाला.

"बघू."

"काय बघतो? उतरलेला हाय म्हणलं ना. दाबलं आसंल तरी वाजणार न्हाई ह्याच्यावर. जून महिन्यात बदलला तवा माल हलका आल्ता. गलती माझी हाय, अप्पाभाऊ. तुझी न्हाई. भाभीनं दाबलं होतं."

आणि त्याने तो सेल खाली ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकला. मेलेले सेल तो त्या डब्यात टाकतो. डब्यात टक्कन आवाज झाला. मग त्याने नवा सेल बसवला, रिमोट शर्टाला पुसला आणि अप्पारावच्या हातात दिला. त्याची नजर वर आली नाही.

अप्पारावला माहीत होतं. त्या दिवशी एका दाबात गाडी गप झाली होती ती ह्याच सेलवर. दुसऱ्या माणसाने आपल्यासाठी उचललेलं एवढं मोठं ओझं त्याच्या तोंडावर खोटं कसं म्हणायचं? तो म्हणाला, "किती झाले?"

"चाळीस. राहू दे."

"देतो. पुढच्या खेपेला देतो."

गाडी दोन महिने दारात उभी होती. डावी सीट सातव्या खाचेलाच होती. जावई गाडी धुवायला गेला तर अप्पारावने त्याला सांगितलं, "तिकडच्या बाजूला हात लावू नको." जानेवारीत गल्लीतल्या पुंजारामला डायलिसिस सुरू झालं. तोच दवाखाना, तेच मंगळवार-शुक्रवार. त्याचा मुलगा पुण्याला. पुंजारामची बायको दारात येऊन उभी राहिली, तेव्हा अप्पारावने किल्ली घेतली, डावं दार उघडलं. मग खटका ओढून पाठ वर आणली. सात खाचा. प्रत्येक खाचेचा आवाज पुंजारामच्या बायकोने ऐकला आणि ती तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत राहिली.

जालन्यात दुकानासमोर गाडी लावल्यावर त्याने पुंजारामच्या हातात रिमोट दिला.

"हे लाल बटण. कसं वाटलं तरी दाब. न वाटलं तरी दाब. चहा पाहिजे दाब, तंबाखू पाहिजे दाब, करमत नसंल दाब."

"लोकं हसतील की, अप्पा."

"हसू दे."

पुंजाराम खोडकर माणूस आहे. तो दर खेपेला एकदा तरी दाबतो. अप्पाराव रांग सोडून धावत येतो, नंबर गेला तरी येतो, एकदाही रागावलेला नाही. परत येताना चिंचेखाली गाडी थांबते, पुंजाराम सातव्या खाचेला पडतो आणि झोपी जातो. तो बोलत नाही. अप्पाराव चाकापाशी उकिडवा बसून दहा मिनिटं मोजतो.

स्टँडच्या मागच्या रस्त्याने तो हल्ली जात नाही. बदरोद्दीनच्या सेलचे चाळीस रुपये त्याच्याकडून अजून येणे आहेत.