गच्चीवरच्या फळ्या

मी आयुष्यभर प्लास्टिकची बाजू घेतली. जळगावच्या एका पाइपच्या कारखान्यात माल तपासायचं काम केलं की माणसाचं असंच होतं. लोखंड गंजतं, सिमेंट फुटतं, लाकडाला वाळवी लागते, आणि पाइप आपला पडून राहतो निवांत. लग्नकार्यात कुणी शेजारी येऊन बसला, की जेवणाची पंगत उठेपर्यंत मी त्याला हेच ऐकवायचो. बायको लांबून डोळे वटारायची, पण थांबलो कधी नाही.

त्यामुळे वरच्या खोलीसमोरच्या गच्चीवर लाकडी जमीन करायची ठरली, तेव्हा माझा निर्णय आधीच झाला होता. बाकी सगळा देखावा होता.

गच्चीचा घाट घातला तो अक्कासाठी. अक्का म्हणजे माझी आई. अख्खं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही लहानपणापासून अक्काच म्हणतो. वडील गेल्यावर तिला शिंदखेड्याजवळच्या गावाहून मी जळगावला आणलं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि एक दिवस चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, "उन्हाळामा मी गावले जासू. बिबडा करना शेतस."

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. तीळ, लसूण, मिरची घालून पीठ शिजवायचं आणि ओल्या हातानं कापडावर थापत जायचं. अक्काच्या हातचा बिबडा भाजला की आरपार दिसतो. मी म्हटलं, "इथे कर की."

"आठे कोठे टाकू? तुना डोकावर?"

तिचंही बरोबर होतं. गच्चीवरच्या फरशीचे तुकडे उखडले होते, आणि तिच्या गुडघ्यांना त्यावर बसवत नव्हतं. पण गावच्या बंद घरात तिनं एकटीनं उन्हाळा काढायचा, हे मला नको होतं. मागच्या वर्षी, मी आणायच्या आधी, तिथे एकटी असताना ती न्हाणीत पाय घसरून पडली आणि शेजारीण ताक मागायला आली तेव्हा कुठे कुणाला कळलं. त्या गोष्टीची मला अजून धडकी भरते. मी अक्काला यातलं काही बोललो नाही. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही. आम्ही सुताराला बोलावतो.

सुतार पाचोऱ्याचे, वयानं मोठे, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी गच्ची पाहिली, फरशीवर टाच आपटली आणि म्हणाले, "भाऊ, साग टाका. तुमना नातू बी आठेच बठतीन." साग म्हणजे दरवर्षी तेल पाजा, पावसाळ्यात फुगलाय का बघा, फटीत मुंग्या शोधा. मी नानांना म्हटलं, थांबा, आपण रीतसर बघू.

दुकानात दोन्ही प्रकार मांडलेले होते. सागाच्या फळ्या, आणि शेजारी लाकडाचा भुसा व प्लास्टिक एकत्र करून काढलेल्या फळ्या. या दुसऱ्या फळीवर लाकडासारखे रेषांचे ठसेसुद्धा होते. अर्धी झाडाची, अर्धी कारखान्याची. माझा तर जीवच जडला. दुकानदार म्हणाला, "साहेब, एकदा बसवा आणि विसरा." पंखे गरगरत होते, मी बूट घालून तिच्यावर चाललो, दोन उड्या मारल्या आणि दोन्हींचे वीत-वीतभर तुकडे घरी घेऊन आलो.

पुढचे आठ दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझी प्रयोगशाळा होती. दोन्ही तुकडे बादलीत बुडवले. हळदीचं तेल सांडलं. वरवंटा टाकला. खिळ्यानं ओरखडे काढले. सगळं वहीत लिहिलं. सागावर हळद राहिली, दुसऱ्यावरची पुसली गेली. साग पाणी प्यायला, दुसरा कोरडा ठणठणीत. बायकोनं एवढंच विचारलं, "बसणार कोण आहे यावर?" मी म्हटलं, "अक्का." ती म्हणाली, "मग अक्कांना विचारा ना." मी म्हटलं, अक्काला यातलं काय कळतं. आता हे लिहितानाही कान गरम होतात.

होळीच्या आधी फळ्या बसल्या. रंग मी निवडला, गडद चॉकलेटी, धूळ दिसू नये म्हणून. नानांनी कारखान्याची फळी नाक मुरडून बसवली, पण बसवली सुबक. अक्का वर आली, चप्पल दाराशी काढली, वाकून हात फिरवला.

"छान शे," ती म्हणाली. "पन हाई लाकूड शे का पाइप?"

मी मोठ्यानं हसलो. मला ते कौतुक वाटलं.

एप्रिलमध्ये अक्कानं पहिला घाणा घातला. पहाटेच पीठ शिजलं, उजाडता उजाडता वडिलांचं जुनं पांढरं धोतर गच्चीभर पसरलं आणि त्यावर बिबड्यांची रांग लागली. फळ्या गार होत्या. ती मांडी घालून बसली, बायको वाटीतून पाणी देत होती, आणि मी दारात उभा राहून स्वतःवर खूश होतो. आता कशाला जाते ती गावाला!

अकराच्या सुमारास बिबडे उलटायची वेळ झाली. बिबड्यांच्या जागी चपला घालून कुणी पाऊल टाकत नाही, आमच्याकडे ते सांगावंही लागत नाही. अक्का अनवाणी निघाली. चार पावलं गेली आणि किंचाळली, "अय माय वं!" मागे फिरावं तर चार पावलं, पुढे जावं तर धोतराचा काठ. ती मधेच एकेक पाय उचलत उभी. मी धावलो, तोही अनवाणी, आणि दोघांनी मिळून जो नाच केला तो शेजारच्या गच्चीवरून सगळ्यांनी पाहिला.

तळवे लाल झाले होते. बायकोनं कोरफड चोळली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खरं तर तिनं काही बोलायची गरजच नव्हती. मीच वर्षानुवर्षं शेतकऱ्यांना सांगत आलो होतो, भाऊ, पाइप उन्हात उघडा टाकू नका, आतलं तापलेलं पहिलं पाणी पिकावर सोडाल तर रोप भाजेल. आणि घरी? घरी मी तोच माल चॉकलेटी रंगात आईच्या पायाखाली अंथरला होता. हळद तपासली, वरवंटा तपासला. ऊन तपासलं नाही. माघातल्या थंडीत ओट्यावर ऊन येणार कुठून?

त्या दुपारी मी दोन्ही तुकडे शोधून उन्हात ठेवले आणि तासाभरानं पाय टेकवून पाहिला. सागावर उभा राहिलो, दुसऱ्यावरून उडालो. नानांना फोन लावला. ते पलीकडून बराच वेळ हसले आणि परवा येतो म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यापाशी अक्काची पिशवी दिसली. कापडी, गाठ मारलेली. ती पायरीवर बसून तळव्याला खोबरेल लावत होती.

मी घाईघाईनं बोलायला लागलो. नाना येताहेत, साग टाकतो, दारापासून कठड्यापर्यंत सागच, वर कापडाची सावली करतो, पाहिजे तर ही सगळी काढून टाकतो. बोलता बोलता मी सागाचे गुण सांगायला लागलो, म्हणजे माझी परिस्थिती काय झाली असेल बघा.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, हाई बठ्ठं माले थांबाडाकरता शे ना?"

मी पिशवीच्या गाठीकडे पाहिलं.

"मंग फळ्या कसाले? थांब, इतलंच सांगनं व्हतं."

खरंच, एवढ्या महिन्यांत मी ते म्हटलं नव्हतं. सुताराशी बोललो, दुकानदाराशी बोललो, वहीत पानं भरली. तिच्याशीच नाही. ती गाव सोडून आली तेव्हाही मी सामानाबद्दलच बोललो होतो. शहरात इतकी वर्षं काढून जी बोली सुटल्यासारखी वाटत होती, ती आपोआप तोंडात आली.

"अक्का, जाऊ नको. तू तठे एकली राहस, ते माले आठे भ्याव वाटस."

तिनं बोटाचं उरलेलं खोबरेल केसांना पुसलं. मग पिशवी मांडीवर ओढून गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, मी हात पुढे केला, तिनं तो बाजूला सारला. सगळ्यात वरच वडिलांचं धोतर होतं, घडी केलेलं, काठाला कालचं पीठ चिकटलेलं. ते तिनं माझ्या हातात दिलं.

"धुई टाक," ती म्हणाली. "नाना येतीन तवलोंग वाळी जाई."