हौसेरावांची नमती

कोपरखैरण्याच्या आमच्या सेक्टरातल्या समाजमंदिरात संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ गेली अकरा वर्षे हौसेराव पवारांच्या लाठीवर्गाची आहे. हौसेराव मूळचे पाटण तालुक्यातले. पहाटेपासून दुपारपर्यंत बाजारात कांद्याच्या गोणी पाठीवर वाहायच्या, घरी येऊन तासभर झोपायचे आणि सहाला पाच कमी असताना पांढरा सदरा घालून हॉलच्या दारात उभे राहायचे, हा त्यांचा नेम. वय पंचावन्न. पण लाठी फिरवायला लागले की पहिल्या रांगेतल्या खुर्च्या आपोआप मागे सरकतात.

गावाकडे जोतीराम वस्तादांनी जसे शिकवले तसेच हौसेराव शिकवायचे. त्यात काडीचा बदल त्यांना चालत नसे. आधी चार महिने नुसते पवित्रे, म्हणजे पायांची ठेवण. मग लाठी. आणि सगळ्यात शेवटी नमती. नमती म्हणजे चार पावले पुढे जायचे, मान झटकन छातीला लावून वाकायचे आणि उसळी घेऊन वार करायचा.

"वैऱ्याचा वार डोक्यावरनं जातो आनि धरणीमातेला नमस्कारबी हुतो," ते मुलांना सांगत. "ही नमती दुसऱ्या कुठल्या आखाड्यात गावायची न्हाई."

खरेच गावत नव्हती. त्यामुळे स्पर्धांत पंचाईत व्हायची. तिथल्या नियमाप्रमाणे समोरच्यावरून नजर हटली की गुण कापतात. हौसेरावांची मुले दर चार पावलांनी जमिनीकडे बघत. तीन वर्षांत एक पदक आले नाही. पालकांनी हळूहळू मुले काढून कराटेत घातली आणि वर्गात दहाजण उरले.

समितीचा नियम असा की पंधरा नावे नसतील त्या वर्गाची वेळ दुसऱ्याला द्यायची. झुम्बावाल्या बाईंचा अर्ज आला होता. समितीचा सचिव मीच आणि नियमाचा मसुदाही माझाच, तेव्हा मला पळवाट नव्हती. डिसेंबरच्या सुरुवातीला मी हौसेरावांच्या घरी पत्र घेऊन गेलो. मुदत एकतीस जानेवारी.

त्यांची मुलगी मोनाली शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि वर्गात वडिलांना मदत करते. तिने पत्र वाचले. "पप्पा, सिंपल आहे. नमती काढून टाका."

"तुझं नाक काढून टाकू का? तेबी वस्तादांच्या काळापासनं हाय."

"वस्ताद असते तर त्यांनीच काढली असती."

"त्यांनी घातलीया ती!"

आतून त्यांच्या पत्नी राजाबाई चहा घेऊन आल्या. "सायेब, ह्यांच्या नादाला लागू नका. लग्नात मला हार घालतानाबी ह्यांनी आधी चार पावलं टाकली हुती."

हौसेराव मला म्हणाले, "साहेब, वर्ग बंद पडला तर पडू द्या. गोनी वाहनारे लई हायेत. ह्या शहरात मला वस्ताद म्हनतात ते फकस्त ह्या दीड तासात. पन गुरूची चीज मोडून मी वस्ताद ऱ्हाईन व्हय?"

चहा पिऊन मी निघालो.

नाताळाच्या सुमारास जोतीराम वस्तादांच्या पत्नी सरस्वतीकाकी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आल्या आणि हौसेरावांकडेच उतरल्या. वय ऐंशीच्या पुढे. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, आठवड्याने पट्टी निघाली, काळा चष्मा चढला. हौसेरावांनी मोठ्या मानाने त्यांना वर्गात आणून खुर्चीवर बसवले. वस्तादांच्या पश्चात त्यांची विद्या कशी जपली आहे ते त्यांना दाखवायचे होते. मलाही बोलावले होते.

मुलांनी पवित्रे केले. काकी खूश. मग नमती. दहा मुले चार पावले पुढे आली आणि दहा माना खाली गेल्या.

"हौश्या," काकी म्हणाल्या, "ही पोरं मान का घालत्यात रं?"

"काकी, नमती हाय. वस्तादांची."

"नमती कसली मेली? आरं, तुमी आमच्या गोठ्यात खेळायचा. मधी तुळई हुती खाली आलेली. तिला डोस्कं लागू नये म्हनून धनी तुमास्नी वाकाय लावायचे. हितं कुठं तुळई हाय?"

सगळ्यांनी वर पाहिले. समाजमंदिराचे छत चौदा फुटांवर आहे.

कोणी हसले नाही, कारण हौसेरावांचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता.

पुढचे दोन दिवस हौसेराव वर्गाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते वही घेऊन. काकींना खुर्चीवर बसवले, मोनालीच्या हातात पेन दिले, आणि मुलांसमोर एकेक हालचाल करून विचारू लागले.

"काकी, ही डाव्या अंगाला उडी?"

"तिथं म्हस बांधल्याली असायची."

"आनि वाराआधी मोठ्यांदी आरोळी?"

"धन्याला कमी ऐकाय यायचं. कोन कुठनं येतंय ते कळाय नगं?"

"लाठी पायात अडकवून पाडायची ती?"

काकी चष्मा सावरून ताठ बसल्या. "ती खरी. बाजारावनं येताना दोघं आडवी आली हुती, मी संगट हुते. तिच्यानं धन्यानी दोघास्नी पाडलं. ती सोडू नगंस."

असे तीन दिवस चालले. बत्तीस हालचालींपैकी चोवीस खऱ्या निघाल्या, आठ गोठ्याच्या. हौसेरावांनी त्यांतल्या सातांवर स्वतःच्या हाताने काट मारली. आरोळीवर मारली नाही. मुलांना आवडते म्हणून ठेवली.

आता मुलांच्या माना वर ठेवायच्या होत्या, पण त्या काही केल्या राहीनात. चार पावले झाली की मान आपोआप खाली. मोनालीने मुलांना आपापल्या घरातून मानेचा पट्टा आणायला सांगितला. दिवसभर कंप्युटरपुढे बसणाऱ्यांचा आमचा सेक्टर, त्यामुळे दहाच्या दहा मुले दुसऱ्या दिवशी पट्टा लावून हजर. कोणाचा वडिलांचा, कोणाचा आजीचा. एका गृहस्थांना तर संध्याकाळी स्वतःचा पट्टा परत मागायला हॉलवर यावे लागले. दोन आठवडे दहा कडक मानेची मुले लाठ्या फिरवत होती आणि येणारे-जाणारे दारात थांबून पाहत होते.

पंचवीस जानेवारीला स्पर्धा झाली. दोन रौप्य, एक कांस्य. वर्गातल्या कुणालच्या आईने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले. चौकशीला पालक आले की हौसेराव पदकांआधी गोठ्याचीच हकिकत सांगत. मोनाली वैतागे, "पप्पा, अॅडमिशन घ्यायला आलेत ते, म्हशीची माहिती घ्यायला नाही!" तरीही चार नवी नावे आली.

एकतीस जानेवारीला संध्याकाळी मी यादी घेऊन हॉलवर गेलो. चौदा. दोनदा मोजली. हौसेराव शांतपणे म्हणाले, "नियम म्हंजे नियम, साहेब. द्या झुम्बाला."

मी पेनाचे टोपण काढणार तोच राजाबाई पुढे आल्या. काकींना घरी न्यायला त्या आल्या होत्या. "वयाची काय अट हाय का वो तुमच्या नियमात?"

मी नियम वाचला. अट नव्हती. लिहिताना मला सुचलीच नव्हती.

"मग लिवा. राजाबाई हौसेराव पवार. वय पन्नास."

"अगं, तुला काय जमनार हाय?" हौसेराव म्हणाले.

"तुमच्याबरुबर तीस वर्सं काढली, अजून काय जमायचं ऱ्हायलंय?"

मी पंधरावे नाव लिहिले. राजाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. हौसेरावांनी घसा साफ करून पहिला पवित्रा दाखवला. डावा पाय पुढे, उजवा गुडघ्यात वाकवलेला.

राजाबाई जागच्या हलल्या नाहीत. "ह्यो कशासाठी, ते आधी सांगा."

हौसेरावांनी काकींकडे पाहिले. काकी खुर्चीत डुलक्या घेत होत्या. मग त्यांनी लाठी भिंतीला टेकवली, बायकोच्या खांद्याला हलकासा धक्का दिला, आणि राजाबाईंचा तोल गेल्यावर म्हणाले, "ह्याच्यासाठी. आता पाय म्या सांगतो तसा ठेव, आनि मग मला ढकल."

राजाबाईंनी पाय ठेवला आणि जरा जास्तच जोराने ढकलले.